डाव्या वायरबद्दल, बबनभाऊ

बबनभाऊ,

डाव्या वायरबद्दल तुला एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात तीन वेळा तेवढ्यासाठीच आलो आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून परत गेलो. परवा तुझं तेरावं झालं. आता ऐकायला तू नाहीस. लिहावं म्हटलं तर माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे, सातवीत सोडलं तिथंच ते उभं आहे. तरी लिहितो.

कंपनीत मी तुला कायम 'अहो बबनराव' म्हणत आलो. तू टूल रूमचा जुना फिटर, मी तुझ्याहून आठ-नऊ वर्षांनी लहान आणि बाहेरगावचा. डोंगरावर पहिल्यांदा गेलो तेव्हाही 'अहो' म्हणालो, तर तू कमरेवर हात ठेवून हसलास. "हितं अहो-जाहो न्हाई, व्यंकट. मी वरनं पडलो तर 'अहो, पडलात का' असं इचारनार हायेस का?" तेव्हापासून डोंगरावर 'तू' आणि गेटच्या आत 'अहो' असं ठरलं. मी ते कधी चुकवलं नाही. हे लिहिताना डोंगरावरचंच वापरतो.

देगलूरकडून मी इथं आलो तेव्हा पेट्या उचलायच्या कामावर होतो. गाव एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. सातवीच्या पुढची शाळा तालुक्याला होती आणि तिथं पाठवायला घरात कुणी तयार नव्हतं, म्हणून ती सुटली. त्याबद्दल माझी फार तक्रार नाही. पण आकडे दिसले की मी कागद दुसऱ्याकडे सरकवायचो. तू जेवणाच्या सुट्टीत मला मायक्रोमीटर हातात दिलास. महिनाभर रोज डबा खाऊन झाला की एक खिळा, एक नाणं, एकदा तर वहिनींनी दिलेली भाकरी मोजायला लावलीस. "भाकरीला कडेनं टॉलरन्स जास्त हाय," म्हणालास. मापात किती फरक चालतो त्याला टॉलरन्स म्हणतात, हे मी त्या भाकरीवर शिकलो. मग स्वतः साहेबांकडे गेलास आणि मला इन्स्पेक्शनला घ्या म्हणून सांगितलंस. साहेबांनी विचारलं, याच्यात काय आहे? तू सांगितलंस, "साहेब, हा माणूस खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघतो आणि चौकातनं परत येऊन चौथ्यांदा बघतो. ह्याच्या खोलीला कुलूप हाय का कुलपाला खोली हाय, कळत न्हाई. चेकर असाच पायजेल."

मी चेकर झालो ते असं. घरच्यांना पत्रात लिहिलं तेव्हा तुझं नाव लिहिलं होतं. आई अजून विचारते, बबनराव कसे आहेत. तिला अजून कळवलेलं नाही.

पतंग आपल्याकडे आला तो एका तरुण इंजिनिअरमुळे. ते बाहेरदेशी शिकून आले होते आणि तिकडे माणसं ॲल्युमिनियमच्या पाइपांना कापड लावून डोंगरावरून उडतात असं त्यांनी तुला ड्रॉइंग काढून दाखवलं. ते वर्षभरात नोकरी सोडून गेले, ड्रॉइंग तुझ्याकडे राहिलं. पाइप तू वाकवलेस. कापड मिलिंदच्या वडिलांनी शिवलं. मिलिंद आपल्या पेंट शॉपमधला, दापोडीचा, त्याचे वडील रिक्षांचे हूड शिवायचे. ड्रॉइंग बघून ते म्हणाले होते, "हूड मी लय शिवले, पण रिक्षा उडवायला निघालेलं गिऱ्हाईक पहिलंच." असे आपण तिघं पायलट. त्या इंजिनिअरांच्या ड्रॉइंगवर इंग्रजीत त्याला मोठं नाव होतं. आपण पतंगच म्हणत राहिलो.

पहिल्यांदा आपण तो दिघीच्या डोंगरावर नेला, कारण जवळ होता. तिथली जमीन मिलिटरीची आहे हे तुला माहीत होतं, तू तिथलाच. मला माहीत नव्हतं. पतंग जोडून होतो न होतो तोच जीप आली. सुभेदार उतरले. कापडाकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं.

"ये क्या है?"

"पतंग है साब," तू म्हणालास.

"पतंग में आदमी बैठता है?"

"बैठता नहीं साब. लटकता है."

त्यांनी एक पाइप हलवून बघितला. मग म्हणाले, यहाँ नहीं लटकना. आपण पतंग सोडवला. घाईत माझ्या हातातून एक नट गवतात पडला. तो नट शोधायला सुभेदारसुद्धा खाली वाकले होते. ते मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं आणि कुणाला खरं वाटलं नाही.

मग वहिनींच्या माहेरचा डोंगर सापडला, मारुंजीच्या पलीकडचा. वहिनींचे नात्यातले सोपानमामा पायथ्याला राहायचे. त्यांच्या गोठ्यात, बैलांच्या वरच्या माळ्यावर पतंग गुंडाळून ठेवायचा असं ठरलं. त्यामुळे आपल्याला न्यायचं काही राहिलं नाही. सायकल काढली की झालं. पण कधी काढायची हे वाऱ्यावर होतं, आणि वारा काही आदल्या दिवशी सांगून येत नाही.

ते तू जसं जमवलंस त्याचं मला अजून नवल वाटतं. उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेचा वारा सुटतो. दोन वाजता तू पाणी प्यायला म्हणून शॉपच्या दारात यायचास आणि शेजारच्या फाउंड्रीच्या चिमणीकडे बघायचास. धूर सरळ वर गेला तर काही नाही. धूर दिघीकडे झुकला आणि झुकलेलाच राहिला, तर तू कंपनीचं ते पिवळं पुसायचं फडकं डाव्या खिशात असं खोचायचास की अर्धं बाहेर लोंबेल. मग उगीच एक चक्कर मारायचास, टूल रूमपासून पेंट शॉप, पेंट शॉपपासून इन्स्पेक्शन. तोंडाने एक शब्द नाही. मी मान वर करून फडकं बघायचो आणि तिथून पुढे साडेतीनचा भोंगा होईपर्यंत प्रत्येक पार्ट दोनदा मोजायचो. ते भीतीनं की आनंदानं, हे मी तेव्हाही तपासलं नाही.

एकदा तुला सर्दी झाली होती. तू नाक पुसून फडकं खिशात टाकलंस, डाव्या. मिलिंदनं बघितलं, मी बघितलं. तू भोंगा झाल्यावर घरी जाऊन झोपलास आणि आम्ही दोघं तासभर सायकल मारून डोंगरावर. वारा तसूभर नाही. सोपानमामा म्हणाले, "आरं, आज पानसुदिक हालंना, आन् तुमी आलाय व्हय!" दुसऱ्या दिवशी मिलिंद तुला म्हणाला, "बबनभाऊ, आजपासून शिंकायचं असंल तर उजव्या खिशानं शिंका."

वर गेलास की तू बोलायचास. हे तुला कुणी सांगितलं की नाही कोण जाणे. निम्म्या चढावरच्या सपाटीवरून तू पळत यायचास, पाय जमिनीवरून सुटायचे, आणि थोडं पुढे गेलास की तुझा आवाज सुरू. खाली आम्हाला तुकडे ऐकू यायचे. फोरमनला दोन शिव्या. कुठलासा हिशोब, किती पोती, किती पायल्या. एकदा "आई गं, केवढं हाय हे!" उतरल्यावर मी विचारलं, काय बोलत होतास? तू पट्टा सोडवत म्हणालास, "कोण, मी? न्हाई बा." मी पुन्हा विचारलं नाही. मिलिंद उडाला की आवाज नसायचा. मी उडायचो तेव्हा डोळे मिटायचो, हे तुम्ही दोघांनी ओळखलं होतं आणि कधी बोलून दाखवलं नाहीत.

माझं खरं काम उडायच्या आधीचं. पतंग जोडला की मी एका टोकापासून सुरू करायचो. नट, बोल्ट, पिना, शिवण, आणि शेवटी पाइपांना ताणून धरणाऱ्या चारही वायरी अंगठा आणि बोटात धरून टोकापासून टोकापर्यंत. पीळ दिलेल्या वायरीतली एक तार तुटली तरी ती बोटाला टोचते, डोळ्याला दिसत नाही. सगळं नीट असलं की खिशातला खडू काढून मधल्या पाइपावर टिक करायची. टिक नाही तर उड्डाण नाही. हा नियम तू केलास, पहिल्याच महिन्यात. "चेकर न्हाई म्हणला की न्हाई. का, ते इचारायचं न्हाई." मिलिंद हसला होता, कारण कंपनीत केसाएवढ्या फरकासाठी माझ्याशी सगळ्यात जास्त भांडणारा माणूस तूच होतास. पार्ट रिजेक्ट केला की तू लाल टॅग हातात घेऊन माझ्या टेबलावर यायचास. "इन्स्पेक्टरसाहेब, हे काय लिवलंय? डोळे तपासून या." डोंगरावर मात्र चार वेळा मी टिक केली नाही आणि चारही वेळा तू एक शब्द काढला नाहीस.

आपला वाद होता तो वेगळाच. तू म्हणायचास, तू भितोस म्हणून चांगला तपासतोस. मला ते लागायचं. मी म्हणायचो, नाही, मी नीट तपासतो म्हणून भीत नाही. तू म्हणायचास, "दोन्ही एकच की राव." मी म्हणायचो, एक नाही. चेकर हाताला जे लागेल ते लिहितो. मनाला काय वाटतं ते टॅगवर लिहायला रकानाच नसतो. हा वाद सायकलवर चालायचा, वाकडच्या चढाला दम लागून थांबायचा आणि उतार आला की परत सुरू. तो मिटला नाही. मिटला नाही असं मला परवापर्यंत वाटत होतं.

आता वायर.

दोन हंगाम आपण निम्म्या चढावरूनच उडालो. टोकावरून उडायचं तुझं पहिल्यापासून मनात होतं. टोकावर उभं राहिलं की पूर्वेला पार दूर चिमण्या दिसतात. त्या चिमण्यांखालीच कुठेतरी तुमच्या घरची जमीन होती. कारखाने आले तेव्हा ती गेली, आणि नंतर तू त्यातल्याच एका कारखान्यात लागलास. हे तू मला कधी दुःखानं सांगितलं नाहीस. मी एकदा म्हणालो, इथं उभं राहूनही दिसतंच की सगळं, उडायला कशाला पाहिजे? तू म्हणालास, "उभं राहून लय बघितलं. पायाखाली काय नसताना एकदा बघायचंय."

त्या दिवशी दोनला धूर दिघीकडे झुकला तो तसाच राहिला, जणू कुणी हातानं धरून ठेवलाय. वैशाख संपत आला होता, हंगामाचे आठ-दहा दिवसच उरले होते. फडकं लोंबत आलं. इन्स्पेक्शनच्या टेबलाशी तू थांबलास, जे तू कधी करत नव्हतास, आणि हळूच म्हणालास, "आज टोक."

वहिनी त्या आठवड्यात माहेरी होत्या. सोपानमामांनी निरोप दिला असावा. आपण पतंग टोकावर नेऊन जोडेपर्यंत त्या लेकीला घेऊन, फडक्यात भाकऱ्या बांधून वर आल्या. पहिल्यांदाच. वारा समोरून, एकसारखा. मिलिंद म्हणाला, असा वारा मागवून मिळत नाही. मी तपासणी सुरू केली. नट, बोल्ट, पिना, शिवण. चारही वायरी. सगळं ठीक होतं, बबनभाऊ. एकही तार तुटलेली नव्हती. मी खिशात हात घालून खडू काढला होता.

तेवढ्यात वहिनी जवळ आल्या. पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "भावजी, समदं नीट बघितलं न्हवं? तुमी बघितलं की मला घोर न्हाई."

तुझी लेक त्यांच्या मागे उभी होती, पतंगाचं कापड बोटानं दाबून बघत होती.

मी खडू परत खिशात टाकला. डाव्या वायरीवरून पुन्हा एकदा बोटं फिरवली आणि म्हणालो, "डावी वायर. आतली एक तार तुटलीय."

"एक?" तू विचारलंस.

"एक. हाताला लागली."

मिलिंद पुढे आला. "व्यंकटराव, दाखवा की कुठं. मला बी बघू द्या."

"ए," तू त्याला म्हणालास, "इचारायचं न्हाई."

तू टोपी काढलीस. पश्चिमेकडे बघितलंस, मग पूर्वेकडे. मग पट्टा सोडवलास आणि म्हणालास, "बरं. उतरवा." आपण पाचही जणांनी तिथंच बसून भाकरी खाल्ली. ठेचा तिखट होता आणि मिलिंदच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणून तू त्याची चेष्टा केलीस. वहिनी मला म्हणाल्या, "बरं झालं तुमी बघितलंत." मी मान हलवली. वारा सूर्य मावळेपर्यंत तसाच होता.

दुसऱ्या दिवशी भोंग्यानंतर तू एकटाच गोठ्यावर गेलास आणि नवी वायर टाकून आलास. पण नंतर धूर तसा झुकला नाही. चार दिवस सरळ वर गेला, मग ढग आले, आणि पावसाळ्यातला वारा आपल्या कामाचा नाही, तो धक्के मारतो. आपण म्हणालो, फाल्गुनात बघू. आषाढात तुझे डोळे पिवळे दिसायला लागले. तू कामावर येतच राहिलास. डॉक्टरांनी कावीळ सांगितली तेव्हा ती बरीच आत गेली होती.

दवाखान्यात पहिल्यांदा आलो तेव्हा तू डोळ्याखालची कातडी बोटानं ओढून दाखवलीस. "बघ, पिवळं फडकं. चला, वारा हाय." मिलिंद मोठ्यानं हसला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बराच वेळ आला नाही. त्या दिवशी सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा तू झोपेत होतास आणि वहिनी जवळ होत्या. त्यांच्यासमोर कसं सांगणार?

तिसऱ्यांदा आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "भाऊ, ती डावी वायर..."

तू माझ्याकडे बघितलंस. "नवी टाकली न्हवं? मग झालं."

मी म्हणालो, तसं नाही, त्या दिवशी... तू मान खिडकीकडे वळवलीस आणि विचारलंस, "धूर कुणीकडं चाललाय?" त्या खिडकीतून चिमणी दिसत नाही. समोरच्या भिंतीवरचा पाण्याचा पाइप दिसतो. मी म्हणालो, "दिघीकडं." तू "हां" म्हणालास. हे तुझ्याशी बोललेलं माझं दुसरं खोटं, आणि शेवटचं. याचं मला वाईट वाटत नाही. पहिल्याचं वाटतं.

तू गेलास त्यानंतर मी हिशोब मांडत बसलो. त्या संध्याकाळी टिक केली असती तर तू उडाला असतास. कदाचित नीट उतरला असतास आणि पायाखाली काही नसताना तुला ते सगळं दिसलं असतं. कदाचित काही झालं असतं. दोन्ही मला माहीत नाही. माहीत एवढंच आहे की पुढे तुला संधी नव्हती आणि ती मी, हातात ठीक असलेली वायर धरून, घालवली. आयुष्यात मला काही आलं असेल तर ते तपासणं, आणि तेही तू शिकवलेलं. त्यातच मी तुला फसवलं. रात्री कुलूप चौथ्यांदा ओढून बघतो तेव्हा हे डोक्यात असतं. कधीकधी तुझाच राग येतो. इतकं उडायचं होतं तर मिलिंदला वायर बघू द्यायची होतीस. एवढा कसला नियम!

तेराव्याला आम्ही दोघं तुझ्या घरी आलो होतो. पंगत उठल्यावर सोपानमामांनी विचारलं, माळ्यावर आता कडबा टाकू का, का ते तुमचं राहू द्यायचं? मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. चेकर काय म्हणतो ते बघायची त्याला सवय झाली आहे. मी उठलो. मला बोलायचं होतं ते आधी वहिनींशी. मागच्या दाराशी त्या भांडी लावत होत्या. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी टोकावर..."

त्या म्हणाल्या, "थांबा भावजी, आधी तुमचं ते घेऊन जा. मी इसरले तर ऱ्हाईल." आत जाऊन त्यांनी तुझ्या डब्याची कापडी पिशवी आणली. "त्यांनी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी बांधून ठेवली. व्यंकटची हाय म्हणले. मी उघडली न्हाई."

मी ती तिथं उघडली नाही. खोलीवर आलो, आतून कुलूप लावलं, ओढून बघितलं, मग पिशवी उघडली.

आत वायरचं वेटोळं होतं. ती वायर मी डोळे मिटून ओळखेन. तिच्या टोकाला सुतळीनं आपल्या कंपनीचा लाल टॅग बांधलेला होता. असे टॅग मी हजारांनी लिहिले आहेत. हा तू लिहिला होतास, तुझ्या त्या मोठ्या, रेघ सोडून वर जाणाऱ्या अक्षरात. तारीख दुसऱ्याच दिवसाची. म्हणजे नवी वायर टाकायला गेलास तो दिवस.

भाग: पतंग, डावी वायर.

तपासणारा: व्यंकट.

दोष: नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात: शिकंजात धरून ताण दिला. पीळ सोडून बघितला. सगळ्या तारा शाबूत.

निर्णय: उडायचं नाही.

मी टॅग तीनदा वाचला. तीनदा वाचणं ही माझी सवयच आहे, त्यात विशेष काही नाही. मग वायर अंगठा आणि बोटात धरून टोकापासून टोकापर्यंत तपासली. एका टोकाला पीळ सैल होता, तू तो सोडून पुन्हा वळलेला. बाकी काही नाही.

म्हणजे तुला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतर दीड महिना तू रोज माझ्या टेबलावरून गेलास. पार्टावरून भांडलास. माझ्या डब्यातली चटणी घेतलीस. आपल्या त्या वादात तू जिंकला होतास, पुरावा तुझ्या खणात होता, आणि तू तो एकदाही बाहेर काढला नाहीस. 'मग झालं' म्हणालास तेव्हा मी काय सांगायला आलोय हे तुला माहीत होतं. मला सांगू न देता तू ते माझ्याकडून काढून घेतलंस.

तरी एक रकाना तू मोकळा ठेवला होतास, सगळ्यात खालचा, तपासणाऱ्याच्या सहीचा. तू माझ्याशी कितीही भांडलास तरी माझी सही तू कधी केली नाहीस. सही नसलेला टॅग कुठेच जात नाही, हे आपल्या शॉपमध्ये सगळ्यांना माहीत आहे. माल ना भंगारात जातो, ना पुढे. तो तिथंच पडून राहतो आणि येणारा-जाणारा विचारतो, हे कुणाचं राहिलंय.

आज सुट्टी होती. सकाळी सायकल काढून सोपानमामांकडे गेलो. म्हणालो, कडबा दुसरीकडे टाका, पतंग राहील. ते म्हणाले, "बरं. बैलास्नी बी सवय झालीया." येताना वहिनींकडे थांबलो आणि त्यांना सगळं सांगितलं, वायरीत काही नव्हतं ते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला ठावं हाय. टोकावरनं उतरतानाच त्यांनी सांगितलं. म्हणले, व्यंकट भ्यालाय, तुला आन् पोरीला बघून. म्हणले, भिऊ द्या. माझ्यासाठी एवढं भिणारं दुसरं कोण हाय?"

खोलीवर येऊन आतून कुलूप लावलं आणि एकदाच ओढलं. टॅग टेबलावर ठेवला, पेनात शाई भरली आणि मोकळ्या रकान्यात सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट, तू शिकवलंस तसं. 'दोष: नाही' याच्या खाली.